क्लबचा झेंडेवाला

आमच्या फुटबॉल क्लबने काचा फोडायच्या आणि भावोजींनी त्या बसवायच्या, असं वर्षानुवर्षं चालत आलं आहे. मैदानाच्या एका गोलमागे घरांची रांग आहे आणि आमच्या फॉरवर्ड मंडळींचा नेम असा, की बॉल जाळीत कमी जातो आणि लोकांच्या स्वयंपाकघरात जास्त. मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी बाई दुकानाच्या पायरीवर उभी असतेच. "तुमच्या लोकांनी पुन्हा फोडली," असं ती फणकाऱ्याने सांगते, आणि चूक स्वतःचीच असल्यासारखे भावोजी मान खाली घालून टेप शोधायला लागतात.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खाली त्यांचं काचेचं दुकान, वर घर, आणि जिन्यावर समोरच्या दारात मी आणि माझा मुलगा. माझा नवरा लवकर गेला. तेव्हापासून दारं दोन असली तरी चूल एकच. माझ्या मुलाला सायकल भावोजींनी शिकवली, दाढी करायला त्यांनीच शिकवलं आणि मैदानावर पहिल्यांदा बोट धरून नेलं तेही त्यांनीच. आता तो तिशी ओलांडलेला बाप्या आहे. लिफ्ट दुरुस्त करतो. टीममध्ये त्याला सगळे इंजिन म्हणतात, कारण धापा टाकत का होईना, तो थांबत नाही. गुडघे मात्र कामातून गेलेत. हा शेवटचा सीझन, असं त्याने स्वतःच जाहीर करून टाकलं होतं.

भावोजी अबोल. दिवसभरात ते जेवढं बोलतात तेवढं मी भाजी निवडताना बोलते. काच टेबलावर आडवी टाकायची, कटरचं चाक तेलात बुडवायचं, पट्टी दाबून धरायची आणि एका दमात रेघ ओढायची. मग टेबलाच्या कडेवर घेऊन जरासा दाब, की टक्. पुन्हा तीच रेघ ओढायला गेलं तर काच वाटेल तशी फुटते, म्हणून रेघ ओढताना त्यांच्याशी कोणी बोललेलं त्यांना चालत नाही. माझी ताई म्हणते, एरवी बोललेलं तरी कुठे चालतं?

मैदानावर मात्र ते झेंडेवाले. हे जरा समजावून सांगते, कारण मी ज्या लॉंड्रीत कामाला आहे तिथल्या निम्म्या बायकांना हे अजून कळलेलं नाही. वरच्या लीगच्या मॅचला एक रेफरी आणि कडेने झेंडा घेऊन पळणारे त्याचे दोन मदतनीस, असे तिघं येतात. आमच्यासारख्या खालच्या क्लबांच्या कपला फुटबॉल संघटना एकटा रेफरी धाडते. झेंडा घ्यायला दोन्ही क्लबांनी आपापला एकेक माणूस द्यायचा, अर्धं मैदान एकाने बघायचं, अर्धं दुसऱ्याने. आता आपलाच माणूस आपल्याविरुद्ध झेंडा कशाला वर करेल? आणि समोरच्यांविरुद्ध तर ऊठसूट करेल. म्हणून बरेच रेफरी क्लबच्या झेंडेवाल्यांना हिशेबातच धरत नाहीत. बॉल बाहेर गेला एवढं त्यांच्याकडून घेतात, बाकी झेंडा वर दिसला तरी हातानेच 'असू दे' म्हणतात.

भावोजींचं तसं नव्हतं. त्यांचा झेंडा वर गेला की शिट्टी वाजायचीच. आमच्याविरुद्ध जायचा तेव्हाही. मॅचच्या दिवशी क्लबचा चहा मी करते, त्यामुळे मैदानावरचं निम्मं बोलणं माझ्या कानावर पडतं आणि उरलेलं मी कान देऊन ऐकते. एक रेफरी, पेशाने दातांचा डॉक्टर, कप हातात घेऊन एकदा म्हणाला, "तुमच्या भावोजींच्या बाजूला मी वळून बघतसुद्धा नाही. तेवढीच माझी मान वाचते." मला इतका अभिमान वाटला की मी त्याला बिस्किटं जास्तीची दिली.

या कपची रीत सरळ आहे. हरलात की घरी. आमचा क्लब दरवर्षी मोठ्या थाटात नाव नोंदवायचा आणि पहिल्याच फेरीत हात हलवत परत यायचा. या वर्षी काय झालं कोण जाणे. पहिल्या फेरीत अग्निशमन दलाच्या टीमला हरवलं, त्यांचा गोलकीपर ऐन वेळी आगीवर गेला होता हे सोडून द्या. दुसऱ्या फेरीत असा वारा होता की त्यांच्या माणसाने मारलेली गोलकिक फिरून त्यांच्याच कॉर्नरला गेली. तिसरी फेरी मात्र खरोखर खेळून जिंकलो. मग गावाला जाग आली. न्हावी मला रस्त्यात थांबवून टीम कशी लावायची ते सांगायला लागला. क्लबचे चिटणीस, जे एरवी मैदानावर झोपा काढायचे, ते शिट्टी घेऊन सरावाला हजर राहायला लागले.

शेवटच्या आठांतली मॅच आमच्याच मैदानावर झाली. बरोबरी चालू असताना माझ्या मुलाने गोल मारला. मी हातातली किटली तशीच टाकून ओरडले. बघते तर कडेला झेंडा वर. ऑफसाइड. पास निघतो त्या क्षणी पुढचा गडी समोरच्यांच्या शेवटच्या बॅकच्या पुढे असता कामा नये, आणि माझा मुलगा खांद्याएवढा पुढे होता. खांद्याएवढाच! दातांच्या डॉक्टरने शिट्टी वाजवली आणि गोल गेला. पुढे पेनल्टींवर आम्ही जिंकलो, म्हणून निभावलं.

पण घरी निभावलं नाही. इंजिन जेवताना काकांशी एक शब्द बोलला नाही. ताईने ताट आपटलं. मी तर काय, माझ्या जिभेला हाड नाही. "खांदाच होता ना? तेवढा दिसला नसता तर काय आभाळ कोसळलं असतं? दुसऱ्या क्लबांचे झेंडेवाले बघा. आपल्याला मेला असा मिळालाय, घरच्याच पोराच्या मुळावर उठलेला." असं मी जावयाला म्हणाले, आमच्या घरच्या थोरल्या जावयाला. भावोजी भात कालवत राहिले. न्हाव्याच्या दुकानात, भाजीच्या गाडीवर, सगळीकडे तेच. आपला झेंडेवाला आपला आहे की त्यांचा? चिटणिसांनी तर दुकानात येऊन, काचेचा भाव विचारता विचारता सांगितलं, "सेमीफायनलला जरा आपल्या माणसांकडेही बघत जा." भावोजी म्हणाले, "बघतो."

सेमीफायनलही आमच्याकडेच आली. समोरची टीम शेजारच्या गावची, बसच्या सीटा शिवणाऱ्या कारखान्याची. त्यांचा नऊ नंबरचा गडी किडकिडीत होता, पण असा पळायचा की आमचे बॅक नुसते त्याच्या पाठीवरचा आकडा वाचत राहायचे. तरी माझ्या मुलाने डोक्याने एक गोल केला आणि आम्ही पुढे गेलो. मग सगळी टीम गोलसमोर गर्दी करून उभी राहिली. दुसऱ्या डावात आमचा गोल भावोजींच्या बाजूला आला होता, माझ्या काउंटरच्या अगदी समोर.

मॅच संपतच आली होती. त्यांनी लांबून एक बॉल टाकला. आमचे बॅक पुढे सरकले, सगळे, एक सोडून. आमचा बेकरीवाला, डावा बॅक, गोलच्या जवळ वाकून पायातला मोजा वर ओढत होता. म्हणजे नऊ नंबरच्या बराच मागे, चांगला दहा पावलं. ऑफसाइडचा प्रश्नच नव्हता. नऊ नंबरने बॉल घेतला, गोलकीपरला चकवलं आणि शांतपणे जाळीत घातला.

भावोजींचा झेंडा वर होता.

मला आधी वाटलं, चुकून. बेकरीवाला त्यांना दिसला नसेल. पण भावोजींची नजर बेकरीवाल्याकडेच होती. बेकरीवाल्याला आपलं चुकलंय हे कळलं होतं आणि तो उठून चोरासारखा पुढे पळत होता. झेंडा खाली घ्यायला वेळ होता. रेफरी अजून वळलाही नव्हता. आपली चूक कळली की झेंडा खाली घ्यायचा, झेंडेवाल्यांत एवढं सगळेच पाळतात आणि कोणी त्याला नावं ठेवत नाही. भावोजींनी हात खाली घेतला नाही.

रेफरी तोच, दातांचा डॉक्टर. त्याने शिट्टी वाजवली आणि धावत कडेला आला. बेकरीवाल्याबद्दल त्यालाही शंका आली असावी. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर तो थांबला आणि हळू विचारलं, "नक्की ना? दुसरं कोणी असतं तर मी गोलच दिला असता."

भावोजी म्हणाले, "नक्की."

आम्ही फायनलला गेलो. लोक मैदानात घुसले, माझ्या मुलाला खांद्यावर घेतलं, मग भावोजींनाही घ्यायला आले. ते मागे सरत सरत माझ्या काउंटरमागे येऊन उभे राहिले. मी त्यांना चहा दिला. खरं सांगते, मला तेव्हा आनंदच झाला होता. लाज नंतर वाटली, आणि मग ती गेलीच नाही.

कारण पुढचे दिवस मी बघितले ना. मारहाण परवडली, असा तो सत्कार होता. भाजीवाल्याने भावोजींच्या पिशवीत चार टोमॅटो जास्त टाकले आणि डोळा मारला. न्हाव्याने दाढी फुकट केली. "शेवटी नातं आड येतंच," म्हणाला, "आम्ही उगाच तुम्हाला नावं ठेवत होतो." बेकरीवाला तर केक घेऊन आला. कोणीही 'झेंडा बरोबर होता' म्हणालं नाही. एकानेही नाही. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे खूश होते. आयुष्यभर खरेपणाने वागलेला माणूस गावाला कधी एवढा आवडला नव्हता. भावोजी केक कापून सगळ्यांना देत आणि स्वतः दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन काचा बसवायची पुटी मळत बसत. गरज नसताना. पुटीचे गोळे वाळून दगड झाले.

चहाच्या वेळी मी एकदा म्हणालेच. "भावोजी, बेकरीवाला मागे होता."

"माहीत आहे."

"मग?"

त्यांनी कप खाली ठेवला. "हात वर गेला तेव्हा मला खरंच तो दिसला नव्हता. दिसला तेव्हा वाटलं, असू दे. इतकंच. असू दे." मग म्हणाले, "फायनलच्या आधी झेंडेवाल्याने स्वतः जाऊन संघटनेला सांगितलं, तर सेमीफायनल पुन्हा खेळवतात. एकदा तसं झालेलं आहे."

ताई पोळी लाटायची थांबली. "वेड लागलंय का तुम्हाला?"

त्यांनी आधी चिटणिसांना सांगून बघितलं. चिटणीस हसले. "अहो, एवढं सगळं गाव तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचतंय आणि तुम्ही काय घेऊन बसलात?" तरी भावोजींनी चांगला शर्ट घातला आणि संघटनेच्या ऑफिसला जायला निघाले. जिन्यात माझा मुलगा बसला होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून. त्याला ताईने सांगितलं असणार. तो उठला नाही, वाटही अडवली नाही. नुसतं म्हणाला, "काका, मला फायनल खेळायचीय. मोठ्या मैदानावर. एकदाच."

मी दारात होते. भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं की नाही, हे मला आजही कळत नाही. मी बोलले नाही. ते पायरीवर त्याच्याशेजारी बसले, थोड्या वेळाने वर गेले आणि शर्ट बदलून आले.

फायनलचं काय सांगायचं! मोठं मैदान, गवत असं की त्यावर पाय ठेवायला जीव होईना, संघटनेचे स्वतःचे तीन अधिकारी, बसायला खुर्च्या. आणि आम्ही पाच गोलांनी हरलो. इंजिन पहिल्या डावातच लंगडायला लागला आणि त्याला बाहेर काढलं. भावोजी आले नव्हते. दुकानात काम आहे म्हणाले. परतीच्या बसमध्ये चिटणीस झोपले. आठवड्याभरात गाव कप विसरलं, न्हाव्याने दाढीचे पैसे पुन्हा घ्यायला सुरुवात केली. माझा मुलगा जिन्यात काकांना म्हणाला, "उगाचच झालं सगळं." भावोजी म्हणाले, "उगाच नाही. तू खेळलास." पण त्याच्याकडे बघून नाही म्हणाले.

मग एका सकाळी ते माझ्या दारात आले. "त्या नऊ नंबरला भेटायचंय. येणार का?" एकटं जायचं त्यांच्याच्याने होईना, हे मला दिसत होतं. मी लॉंड्रीतून सुट्टी घेतली. बसमध्ये मी म्हणाले, "आता सांगून काय होणार? कप गेला, सीझन संपला." ते म्हणाले, "म्हणून तर आता जातोय. तेव्हा गेलो नाही." एवढं तोंडावर स्वतःला बोलणारा माणूस, त्याला मी आणखी काय बोलणार?

कारखान्यात रेक्झिन आणि गोंदाचा वास भरून राहिला होता. सीटांचे सांगाडे भिंतीला रचून ठेवलेले. नऊ नंबर मशीनवर बसून शिवत होता. भावोजींना बघून तो पटकन उठला, हात पँटला पुसले आणि दोन स्टुलं पुढे केली. "अरे, काका! तुम्ही इकडे?" आवाजात राग नव्हता. उलट घरी वडीलधारं कोणी यावं तशी लगबग होती. मला तिथेच कसंतरी झालं.

भावोजी बसले नाहीत. "तू ऑफसाइड नव्हतास," ते म्हणाले. "आमचा बॅक मागे होता. मी बघितला होता. झेंडा खाली घ्यायला हवा होता, घेतला नाही. रेफरीला खोटं सांगितलं. तुझी माफी मागायला आलोय."

शेजारची मशीन चालूच होती. नऊ नंबर म्हणाला, "आमचे सगळे रेफरीवर धावून जाणार होते त्या दिवशी. मीच अडवलं. म्हटलं, ते काका आहेत, त्यांनी त्यांच्या भाच्याचा गोलसुद्धा दिला नव्हता. त्यांनी झेंडा वर केला, म्हणजे मी पुढे गेलो असणारच. परत येताना बसमध्ये सगळे माझ्यावर चिडले होते. घाई केलीस, म्हणाले. मी उभा राहून सगळ्यांची माफी मागितली. तेव्हापासून सरावाला गेलोच नाही."

"तुमच्याकडे कोणाकोणाला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"सगळ्यांना," भावोजी म्हणाले.

"फायनलच्या आधीपासून?"

"हो."

नऊ नंबरने मान हलवली. मला वाटलं, आता हा ओरडेल, हाकलून देईल. दिलं असतं तर बरं झालं असतं. भावोजी पुढे झाले. "तुझ्या टीमला बोलाव. कॅप्टनला बोलाव. मी सगळ्यांसमोर सांगतो, तुझी चूक नव्हती म्हणून. आत्ता सांगतो."

"नको, काका." त्याने स्टूल पुन्हा मशीनखाली सरकवलं. बोलला तो अगदी साधेपणाने, टोमणा म्हणूनही नाही, जे आहे ते सांगावं तसं. "त्यांना वाटेल मीच तुम्हाला आणलं. आता तुमचं कोण खरं मानणार?"

भावोजी म्हणाले, "बरोबर आहे." मग तो शिवायला बसला, आणि आम्ही बसच्या थांब्याकडे निघालो.